जुन्या नोंदींचे निर्लेखन

शासकीय संकेतस्थळाचा सेवापुरवठादार बदलला की कार्यालयात समाधान पसरते. नवे पान उघडते, ईमेल येऊ लागते, देयक मंजूर होते आणि नस्ती बंद होते. जुन्या डीएनएस नोंदी मात्र तशाच राहतात.

पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डीएनएस ही इंटरनेटवरील नावांची नोंदवही होय. अमुक नाव कोणत्या संगणकाकडे न्यावे, त्या नावाची ईमेल कोणी स्वीकारावी, कोणी पाठवावी, हे तीत लिहिलेले असते. तीतील जुनी नोंद निरुपद्रवी अडगळ असते, हा समज चुकीचा आहे. समजा, एखाद्या योजनेचे उपनाव सीनेम नोंदीद्वारे भाड्याच्या क्लाउडवरील जागेकडे वळवले होते. योजना संपली, जागा सोडली, नोंद राहिली. अनेक सेवांमध्ये सोडलेले ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग त्याचे पान आपल्या जीओव्ही डॉट इन नावाखाली दिसते. सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही त्याला मिळू शकते. नागरिकाने फसवणूक ओळखावी तरी कशी?

एसपीएफची गत थोडी निराळी. जुन्या ईमेल सेवेचा उल्लेख तेथे राहिला, तर आपल्या नावाने ईमेल पाठविण्याची तिची मुभाही कायम राहते. शिवाय ही नोंद तपासताना दहांहून अधिक डीएनएस शोध घ्यावे लागले तर ती सदोष ठरते, आणि आपलीच खरी ईमेल नाकारली जाऊ शकते.

हे सारे तंत्रज्ञांना ठाऊक असते. मग होत का नाही? माझ्या मते उत्तर अर्थशास्त्रात आहे. जाणाऱ्या कंत्राटदाराला सफाईचा मोबदला नाही. येणाऱ्याने नोंद पुसली आणि काही बंद पडले तर दोष त्याचा. न पुसल्यास त्याचे काहीच बिघडत नाही. जोखीम उचलतो तो नागरिक, आणि निविदेच्या टेबलाशी तो नसतो. अधिकाऱ्यांचेही तसेच. नवे सुरू करण्याच्या टिपणीवर सही करायला सारे तयार, रद्द करण्याच्या टिपणीवर कोणी नाही! असो.

म्हणून देयकाचा शेवटचा हप्ता संकेतस्थळ सुरू होण्याशी नव्हे, तर नोंदींच्या सफाईशी जोडावा. प्रत्येक नोंदीपुढे तिचा हेतू आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे. नाव नको, बदल्या होतात. ज्या नोंदीला कोणी वाली निघत नाही, तिचा टीटीएल आधी ३०० सेकंदांवर आणावा. जुना टीटीएल बहुधा ८६,४०० सेकंदांचा, म्हणजे पूर्ण एक दिवसाचा असतो. तेवढा काळ जाऊ द्यावा, संपूर्ण यादीची प्रत जपून ठेवावी आणि मगच नोंद काढावी. काही अडलेच तर ती परत घालता येते. क्लाउडच्या बाबतीत क्रम उलटू देऊ नये: आधी नोंद काढावी, जागा नंतर सोडावी.