प्रयोगशाळेंतील मुके जीव

जुन्या चांदा जिल्ह्याचे 1982 सालीं दोन भाग होऊन चंद्रपूर व गडचिरोली असे जिल्हे झाले. परंतु वैशाख आला कीं दोन्हींकडील अरण्यांत लगबग एकच दिसते. पहाटेच्या गारव्यांत बायकामुलें तेंदूचीं पानें खुडून आणतात, दुपारीं अंगणांत पुडे बांधतात आणि सायंकाळीं ते फळीवर मोजून देतात. पावसाळ्यापूर्वीं हातीं येणारा हा पैसा अनेक कुटुंबांचा आधार आहे. पानाला आम्ही दोष देत नाहीं. दोष त्यांत वळल्या जाणाऱ्या तंबाखूचा.

विडीच्या धुरानें फुप्फुसें बिघडतात हें पोरासोरांसही ठाऊक असतें. पण त्याच धुरानें मूत्राशयाचा कर्करोग होतो असें सांगितलें तर सुशिक्षित गृहस्थही भुंवया चढवितात. धूर जातो छातींत, मग मूत्राशयाशीं त्याचा संबंध काय? ह्याचें उत्तर मिळण्यांत एका मुक्या प्राण्याचा वांटा मोठा आहे.

1895 सालीं फ्रांकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन ह्यांनीं रंगाच्या कारखान्यांतील कामगारांत हा रोग दाखवून दिला. संशय रसायनांवर होता, पुरावा नव्हता. शेवटीं 1938 सालीं अमेरिकेंत विल्हेल्म ह्यूपर व त्यांचे सहकारी ह्यांनीं बीटा-नॅफ्थिलअमाईन हें द्रव्य कुत्र्यांना दीर्घकाळ दिलें, आणि त्यांच्या मूत्राशयांत माणसाप्रमाणेंच गांठी उद्भवल्या. कुत्र्यांतच कां, हें मागाहून उकललें. असल्या अमाईनांना बऱ्याच अंशीं निरुपद्रवी करणारी एक शक्ति पुष्कळ प्राण्यांच्या यकृतांत असते. कुत्र्यांत ती नसते, आणि माणसांत कोणांत अधिक तर कोणांत उणी. जेथें ती उणी, तेथें त्या द्रव्याचें घातक रूप मूत्राबरोबर खालीं उतरतें व मूत्राशयांत तासन्‌तास सांचून राहतें. हेंच द्रव्य तंबाखूच्या धुरांतही असतें. धुराचा व मूत्राशयाचा संबंध तो हा.

पुढें उंदरांचीही पाळी आली. बीबीएन नांवाचें नायट्रोसअमाईन पाण्यांतून आठवडेच्या आठवडे पाजलें कीं लहान जातीच्या उंदरांत रोग बहुधा स्नायूंत खोल शिरतो, मोठ्या जातींत वरवर राहतो. म्हणून एकाच प्राण्यावर विसंबणें धोक्याचें. क्षयाची जी बीसीजी लस आपल्या तान्ह्यांना टोचतात, ती मूत्राशयांत घातल्यानें वरवरच्या रोगास उतार पडतो, असें कॅनडांत मोरालेस ह्यांनीं 1976 सालीं प्रसिद्ध केलें. ती गुण कशी देते, हें समजण्यास पुन्हां उंदीरच उपयोगीं पडले.

हा विषय निघाला कीं आमच्या घरांतील वडील माणसें उठून जातात. आम्ही त्यांना हंसत नाहीं. पुण्यास जन्मलेल्या कमल रणदिवे ह्यांनीं मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळाही उभारली. मूत्राशय हा त्यांचा विषय नव्हे. परंतु जें कांचेच्या बशींतील पेशींवर पाहतां येतें त्यासाठीं प्राणी खर्चीं पडूं नये, ही वाट त्या विद्येनेंच मोकळी केली आहे. सर्वच प्रश्न बशींत सुटत नाहींत, हेंही खरें. आमचें मत विचाराल तर त्या कुत्र्यांचें ऋण मान्य करावें, आणि त्यांच्या जिवावर जें कळलें तें निदान माजघरापर्यंत पोंचवावें.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आलापल्लीच्या बाजूस ठेकेदाराकडे दिवाणजी होते. विडी चाळीस वर्षें. एके दिवशीं लघवींत रक्त दिसलें. दुखलें मात्र मुळींच नाहीं. उष्णता समजून ते धने-जिऱ्याचें पाणी पीत राहिले. रक्त आपोआप थांबलें, तेव्हां पाण्याचा गुण म्हणून घरांत सर्वांस समाधान वाटलें. असें न दुखतां एकदांच दिसलेलें रक्तही मूत्राशयांत दुर्बीण घालून तपासावें लागतें, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. पांच महिन्यांनीं पुन्हां रक्त आलें तेव्हां सूनबाईंनीं हट्टानें नागपुरास नेलें. तोंवर गांठ स्नायूंत उतरली होती.