चाक गोल असलं म्हणजे झालं?

मुलांनो, दसऱ्याला घरच्या गाडीला झेंडूची माळ घालण्याचं काम तुमच्याकडेच असतं ना? आमच्या शेजारच्या आजोबांकडेही गेल्या दसऱ्याला मोटारसायकलची पूजा झाली. हळद-कुंकू झालं, माळ झाली, पेढे झाले. फक्त एक गोष्ट कमी होती. गाडीला पुढचं चाकच नव्हतं! इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावून गाडी उभी केली होती आणि शेजारी आजोबांचा सातवीतला नातू गाल फुगवून उभा होता. कारण ‘दसऱ्याला तुला मागे बसवून मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारीन,’ असं आजोबांनी त्याला मे महिन्यातच कबूल केलं होतं.

आता चाक का नव्हतं, ते ऐका.

आजोबांची गाडी म्हणजे जुनी जावा. लाल टाकी, दोन सायलेन्सर आणि गंमत म्हणजे किक मारायचा दांडाच पुढे गिअर टाकायलाही वापरायचा! जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ साली प्राग शहरात मोटारसायकलचा कारखाना काढला. त्यांनी ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीच्या गाडीचे हक्क घेतले होते. यानेचेकमधला ‘जा’ (तो चेक भाषेत ‘या’ असा उच्चारतात) आणि वाँडररमधला ‘वा’ मिळून झालं जावा. आपल्याकडे १९६०च्या दशकात या गाड्या मैसूरच्या कारखान्यात बनू लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून ‘येझदी’ आली. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण त्या नव्या गाडीची चाकं पुढे १८ इंची आणि मागे १७ इंची. आजोबांच्या गाडीची दोन्ही चाकं १६ इंची! म्हणजे नाव तेच, पण चाक काही बसायचं नाही.

आजोबांना खरं म्हणजे फक्त टायर बदलायचा होता. रिम बाहेरून अशी चकचकीत, की तोंड पाहून भांग पाडावा. पण मिस्त्रींनी टायर काढला आणि म्हणाले, “काका, जरा इकडे या.” टायरखाली लपलेला रिमचा आतला भाग गंजून खडबडीत झाला होता. पावसाचं पाणी स्पोकच्या भोकांतून आत जात होतं आणि वर्षानुवर्षं तिथेच मुरत होतं. एका भोकाजवळ तर केसासारखी बारीक चीर होती.

नातू म्हणाला, “एवढीशी तर चीर! वेल्डिंग करून वरून क्रोम मारू या ना!”

मिस्त्री हसले. “अरे, क्रोम म्हणजे वरचा रंग समज. गंज घासून काढला की पत्रा आणखी पातळ होणार. त्यावर मुलामा दिला की चीर दिसणार नाही, पण असणार तर आहेच.”

एवढ्याशा चिरेला मिस्त्री का घाबरले? त्यासाठी चाक कसं काम करतं ते समजून घ्यायला हवं.

बैलगाडीच्या चाकाचे आरे जाड लाकडाचे असतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो, जसं छप्पर खांबांवर उभं असतं. पण मोटारसायकलचा स्पोक म्हणजे साधी तार. तार दाबली तर वाकते. ओढली तर मात्र भलतीच मजबूत! म्हणून या चाकात सगळे स्पोक आधीच चारी बाजूंनी ताणून बसवतात, तबल्याच्या वाद्या आवळाव्यात तसे. भार आला की खालच्या स्पोकांचा ताण थोडा कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून चाक गोल राहतं. अशा ताणलेल्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली होती. तीही कशासाठी? उडत्या यंत्राला हलकं चाक हवं म्हणून! विमानं तेव्हा कुणी पाहिलीही नव्हती.

आता थोडं गणित करू. जावाच्या चाकाचा टायरसकट घेर साधारण १.८ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ५५५ फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. शंभर किलोमीटरला हे झालं पंचावन्न हजार वेळा! एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की ती तुटते, हे तुम्ही करून पाहिलं असेलच. चीर पडलेल्या रिमवरही प्रत्येक फेऱ्याला असाच झटका बसतो. ती चीर वाढणार, फक्त कधी ते सांगता येत नाही. आणि पुढचं चाक धावताना मोडलं तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही.

तर मग नवी रिम शोधायची ठरलं. एका दुकानदाराने लगेच काढून दिली. १६ इंची, कोरी करकरीत, किंमतही बेताची. नातू उड्याच मारायला लागला. आजोबांनी रिम हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला, खिशातून टेप काढून रुंदी मोजली आणि परत दिली. ती मोपेडची रिम होती!

“आजोबा, पण माप तेच आहे ना?” नातवाचा आवाज रडकुंडीला आला होता.

“अरे बाळा, माझ्या नि पैलवानाच्या चपलेचा नंबरही एकच असेल. म्हणून मी त्याच्याशी कुस्ती खेळू का?”

आजोबांचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं बरं का. मोपेड हलकी आणि हळू धावणारी. जावाचं एकटीचं वजनच सव्वाशे किलोच्या आसपास, वर दोन माणसं. शिवाय वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. खड्ड्यात आपटल्यावर आणि ब्रेक मारल्यावर हे सगळं त्या पातळ रिमला सोसावं लागलं असतं.

मग जुनं चाक नवं करताना नेमकं काय जुळायला हवं? मिस्त्रींनी नातवाच्या वहीत लिहून दिलं:

१. व्यास. हा रिमच्या बाहेरच्या कडेला नाही, तर टायरची कड जिथे बसते तिथे मोजायचा. १६ इंच म्हणजे १६ गुणिले २५.४, साधारण ४०६ मिलिमीटर.

२. रुंदी. रिम अरुंद असली तर टायर नीट बसत नाही आणि वळणावर डगमगतो.

३. भोकांची संख्या. मधल्या हबला जितकी, तितकीच रिमला.

४. भोकांचा तिरकेपणा. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. हब लहान की मोठा यावरून स्पोक कोणत्या कोनात येणार ते ठरतं. दुसऱ्या गाडीच्या हबसाठी भोकं पाडलेली रिम लावली तर स्पोक निपलपाशी वाकतो आणि तिथेच तुटतो.

५. भार. रिम मोटारसायकलचं वजन आणि वेग यांसाठीच बनवलेली हवी.

अशी रिम शोधताना दोन महिने गेले. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार फुकट गेले. एक जुनी रिम मिळाली, पण टायर काढून पाहिला तर तीही आतून गंजलेली! दसरा आला आणि गेला. पूजा कशी झाली ते तुम्हाला सांगितलंच. शेवटी जावाचेच सुटे भाग ठेवणाऱ्या एका दुकानात योग्य मापाची नवी रिम मिळाली. मूळचा हब तपासून तोच ठेवला. बेअरिंग आणि स्पोक नवे घातले. मग मिस्त्रींनी चाकाचा आउट काढला. म्हणजे चाक फिरवत फिरवत एकेक स्पोक आवळून किंवा सैल करून ते डावी-उजवीकडे आणि वर-खाली डुलेनासं केलं. अनेक मोटारसायकलींच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत जास्तीत जास्त २ मिलिमीटर डुललं तर चालतं, असं दिलेलं असतं. आपले मिस्त्री एक मिलिमीटरवरही खूश नव्हते!

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी धुराचा फवारा उडवत जावा निघाली. आजोबा पुढे, नातू मागे, दोघांच्याही डोक्याला हेल्मेट. देवळापर्यंत आणि परत. उतरल्यावर नातवाने आधी काय केलं असेल? खाली वाकून पुढच्या चाकाचे स्पोक एकेक करून चाचपले.

करून पाहा: तुमची सायकल स्टँडवर लावा. चाक थांबलेलं असतानाच एकेका स्पोकवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. एकाच बाजूचे स्पोक साधारण सारख्याच सुरात वाजतील. एखादा ‘टिंग’ऐवजी ‘थड्’ वाजला तर तो सैल आहे. मात्र स्वतः आवळायला जाऊ नका, सायकलवाल्या काकांना दाखवा. आणि फिरत्या चाकात बोट कधीही घालायचं नाही!

आई-बाबांसाठी: जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर टायर काढून रिम आतून बघितल्याशिवाय आणू नका. टायरवर आयएसआयची खूण पाहा. शिवाय त्यावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी रबर म्हातारं होतंच. चाक नवं बांधलं असेल तर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा तपासून घ्या. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती धूळ फुंकू नका आणि मुलांना त्या वेळी जवळ उभं करू नका.

आणि हो, जाता जाता एक कोडं. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना जावाचं चाक मिनिटाला किती फेरे मारेल? घेर वर दिलाच आहे. बसा वही-पेन्सिल घेऊन! उत्तर पुढच्या आठवड्यात.