मुलगा ताटातून येत नाही

मागच्या महिन्यात वस्तीतल्या बैठकीला एक सून उशिरा आली. दोन मुलींची आई. सासूनं कुठून तरी ऐकलं होतं, की दिवस राहायच्या आधी सकाळी पोटभर जेवलं, रोज केळं खाल्लं, की मुलगा होतो. "ताई, लग्नाला सात वर्षं झाली, पहिल्यांदाच माझ्या ताटात गरम भाकरी पडतेय," ती म्हणाली. बाया हसल्या. मला हसू आलं नाही.

ही गोष्ट अगदी हवेतून आलेली नाही. २००८ साली ब्रिटनमधल्या ७४० पहिलटकरणींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भधारणेच्या सुमारास सर्वांत जास्त उष्मांक घेणाऱ्या गटात ५६ टक्के मुलगे, सर्वांत कमी घेणाऱ्या गटात ४५ टक्के. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. पुढच्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर बोट ठेवलं: शंभराहून जास्त पदार्थ तपासले तर एखाद्याचा संबंध निव्वळ योगायोगानंही दिसणारच. हे दुसरं मात्र कुठल्याच सासूपर्यंत पोचलं नाही. आणि आकडे खरे धरले, तरी कमी खाणाऱ्यांनाही शंभरात ४५ मुलगे झालेच की! मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे आपण शिबिरांतून किती वर्षं सांगतोय. तरी दोष बाईच्या कुशीला होताच, आता तिच्या घासालाही लागणार.

मग आहाराचा काहीच संबंध नाही? आहे, आणि तो फार मोठा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गरोदर बाया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं जन्मतः चांगल्या अंगाची निघाली. बऱ्याच आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून याच तीन गोष्टींचा खाऊ देऊन पाहिला. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो मिळालेल्या बायांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरली. ४८ ग्रॅम म्हणजे फार नव्हे. पण बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते, तेव्हा पाळी चुकल्याचंही अनेकींच्या ध्यानात आलेलं नसतं. दवाखान्यात नाव नोंदवून लोहाच्या गोळ्या मिळेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

इथंच मला आपल्याही भाषेची भीती वाटते. 'उद्याची माता सुदृढ हवी' असं आपणही फलकांवर लिहिलंय. म्हणजे जिला मूल नकोय, जिची पाळी गेलीय, जी सोळा वर्षांची आहे आणि भावाच्या मागून जेवते, तिच्या ताटाचं काय? बाईला जेवण पोटच्या गोळ्यासाठी द्यायचं ठरलं, की ते पोटातल्या गोळ्याच्या किमतीनंच मोजलं जाणार.

मी त्या सुनेला म्हटलं, "खा तू, चांगलं खा. पण मुलगा होईल म्हणून नको."

ती म्हणाली, "आणि तिसरीही मुलगी झाली, तर सासूबाईंना ही भाकरी तुम्ही मागाल का?"