प्रवाहातील योगक्षेम

संस्कृतात 'योगक्षेम' असा एक अर्थपूर्ण समास आहे. जे आपणांस मिळालेले नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हे क्षेम, असा त्याचा अर्थ शास्त्रकारांनी केला आहे. मनुष्याचे लक्ष बहुधा योगाकडे असते. क्षेमाची आठवण त्यास वस्तू हातची गेल्यावर होते. ह्या महिन्यात ज्या विषयासंबंधी लिहावयाचे योजिले आहे, त्यात ही दोन्ही कामे एकाच क्षणी व एकाच मनुष्यास करावी लागतात. हा विषय म्हणजे खळाळत्या नदीतून लहानशी होडी हाकीत असता जवळच्या कॅमेऱ्याचे रक्षण कसे करावे, हा होय.

कुटुंबाच्या मासिकात हा विषय कशास, असे कित्येकांस वाटेल. परंतु आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस असतात, आणि सुट्टीच्या दिवशी ती कोठे गेली होती हे घरच्या मंडळींस छायाचित्रे आली म्हणजेच कळते. त्या छायाचित्रांत हल्ली कोलाडचे फेसाळ पाणी वारंवार दिसते. वस्तू महागाची, पाणी वेगाचे आणि वय उत्साहाचे, असा तिहींचा योग जेथे जुळतो तेथे वडीलधाऱ्यांनीही चार गोष्टी जाणून घेणे उचित होय.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. अरुंद, सीलच्या कातड्याने मढविलेली आणि वरूनही झाकलेली. आजची कयाक प्लास्टिकची असते, पण रचना तीच. बसणारा पाय पुढे पसरून बसतो, कमरेभोवतीची घट्ट झालर होडीच्या तोंडास बसवितो, म्हणजे पाणी आत शिरत नाही; आणि दोन्ही टोकांस पाते असलेले वल्हे दोन्ही हातांनी मारतो. होडी उलटली तर आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या व कमरेच्या हिसक्याने ती पुन्हा सरळ करण्याची विद्या ह्यात शिकावी लागते. ते न साधल्यास झालरीची दोरी ओढून पाण्याखालूनच बाहेर पडावे लागते. ह्या वर्णनावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आलीच असेल, ती ही की येथे तिसरा हात नाही.

आम्हां वालूरकरांचा पाण्याशी जुना परिचय बारवेचा. परभणीकडच्या ह्या कोरड्या मुलखात पायऱ्या उतरून आपण पाण्याकडे जावे, पाणी आपल्या जागी स्थिर असते. कुंडलिकेचा प्रकार अगदी निराळा. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरवून भिरा येथील टाटांच्या केंद्रात १९२७ पासून वीज निर्माण केली जाते. ह्याच धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ह्यांस लोक 'सेनापती' म्हणू लागले. वीज देऊन मोकळे झालेले ते पाणी कुंडलिकेत येते, आणि रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ बारा-चौदा किलोमीटरच्या टप्प्यात त्यावर होड्या चालतात. पाणी सुटण्याची वेळ बहुधा सकाळची. म्हणजे ही नदी पावसापेक्षा विजेच्या कारखान्याच्या वेळापत्रकाने वाढते. म्हणून पहिला नियम काठावरचाच : पाणी सुटण्यापूर्वी जो खडक कोरडा व सोयीचा दिसतो, त्यावर पिशवी ठेवून कपडे बदलावयास जाऊ नये. परत येईपर्यंत तो खडक नदीचा झालेला असतो.

पाणी व छायाचित्र ह्यांचे वैर आजचे नाही. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता त्या काळी हैदराबादचे राजा दीनदयाळ काचेवर चित्रे घेत असत. त्या काचा फुटू न देणे हेच मोठे काम होते. मग अशा काचा होडीतून नेणाऱ्यांचे काय झाले असेल? अमेरिकेतील कोलोराडो नदीच्या खोल घळीतून मेजर पॉवेल ह्यांची दुसरी सफर १८७१ साली निघाली, तेव्हा काचा, रसायने व अंधारकोठडीचा तंबू हा सारा संसार लाकडी होड्यांत भरलेला होता. त्या काळच्या पद्धतीत काच ओली असेतोच चित्र घेऊन लगेच धुवावे लागे. त्या सफरीत नावाडी म्हणून आलेला जॅक हिलर्स नावाचा मनुष्य काम पाहता पाहता ही विद्या शिकला आणि अखेर सफरीचा छायाचित्रकार झाला. पुढे १९११-१२ साली त्याच नदीतून एल्सवर्थ व एमरी कोल्ब ह्या बंधूंनी चलच्चित्राचे यंत्र नेले, आणि त्यांनी घेतलेला चित्रपट घळीच्या काठावरील त्यांच्या चित्रशाळेत, एमरी वारले त्या १९७६ सालापर्यंत, प्रवाशांस दाखविला जात असे. हिलर्सच्या उदाहरणात सर्व विषयाचे सार आहे. तो आधी नावाडी होता, नंतर छायाचित्रकार. हा क्रम ज्याने उलटा केला, त्याचे यंत्र तर जातेच, पण तो स्वतःही संकटात सापडतो.

म्हणून क्षेमाचा क्रम असा ठरवावा : प्रथम देह, मग चित्र, आणि शेवटी यंत्र. पुढील सर्व नियम ह्या क्रमातूनच निघतात.

देहासाठी नियम एकच, पण तो मोडू नये. गळ्यात पट्टा अडकवून कयाकमध्ये बसू नये. जमिनीवर तो पट्टा कॅमेऱ्याचे रक्षण करतो. होडी उलटल्यावर मात्र तो खडकात, फांदीत किंवा वल्ह्यात अडकून मनुष्यासच पाण्याखाली धरून ठेवतो. होडीत लांब, सैल दोरी कोणतीच नसावी. शिरस्त्राणावर लहान कॅमेरा बसविण्याची जी चाल पडली आहे, तीतही त्याची बैठक जोराचा हिसका बसताच निखळणारी असावी. न निखळणारी बैठक मानेस घातक होते. मोठा कॅमेरा पेटीत घालून ती पेटी बैठकीच्या मागे, होडीच्या आत, आखूड कडीने होडीसच जोडावी, आणि बाहेर पडताना पायांस तिचा अडथळा होत नाही ना, हे काठावर एकदा प्रत्यक्ष बाहेर पडून पाहावे.

आता पेटी. ती कडक प्लास्टिकची, झाकणाच्या कडेस रबरी कडे असलेली घ्यावी. जाड कापडाची, तोंड गुंडाळून बंद करावयाची पिशवीही चालते. मात्र तिच्या तोंडास निदान तीन वेढे द्यावेत आणि तिच्यात आणखी एक पिशवी असावी. पेटी तरंगेल की नाही, हे आपल्या मुलांस शाळेत शिकविलेल्या आर्किमिडीजच्या नियमानेच काढता येते. बाहेरून ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद व १५ उंच अशी पेटी ९ लिटर पाणी दूर सारते. तेव्हा आतील सामानासह तिचे वजन ९ किलोपेक्षा पुष्कळ कमी असेल तर ती सुटली तरी वर राहील. पेटीचा रंग भडक असावा. आणि तिची परीक्षा नदीवर नव्हे, घरच्या हौदात घ्यावी. आत कॅमेऱ्याऐवजी पातळ कागद घालून, वर दगड ठेवून ती अर्धा तास बुडवावी. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत ठेवावा.

ह्या कामी आपल्या घरातील स्त्रियांस नवीन काही शिकवावयास नको. लोणच्याच्या बरणीस दादरा बांधणे, तिच्या तोंडाशी कण राहू न देणे आणि ओला हात आत न घालणे, हे तीन नियम त्या पिढ्यान्पिढ्या पाळीत आल्या आहेत. पेटीचेही नेमके तेच सोवळे आहे. रबरी कड्यावर एक केस वा वाळूचा एक कण राहिला तरी तेथून पाणी वाट काढते. म्हणून दर खेपेस ते कडे बोटाने तपासून पुसावे. आणि ओल्या हाताने, ओल्या बाहीने पेटी कधीही उघडू नये. पाणी शिरण्याचे कारण पुष्कळदा नदी नसून उघडणाऱ्याचाच हात असतो.

यंत्रावर 'जलरोधक' असे लिहिलेले असते, त्याचाही अर्थ समजून घ्यावा. ज्या मोबाइलवर 'आयपी ६७' असा शिक्का असतो, त्याची परीक्षा एक मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात अर्धा तास घेतलेली असते. बारवेच्या पाण्यास ही परीक्षा ठीक आहे. परंतु सेकंदास ५ मीटर वेगाने आदळणारे पाणी सुमारे सव्वा मीटर खोलीइतका दाब उत्पन्न करते, आणि पडून पडून यंत्राची रबरी बंदिस्ती जुनी झालेली असते. तेव्हा शिक्क्यावर विसंबून उघडे यंत्र प्रवाहात नेऊ नये.

दुसरा शत्रू दवाचा. थंड केलेल्या मोटारीतून कॅमेरा काढून कोकणच्या दमट हवेत उघडला की भिंगावर लगेच धुके धरते, आणि ते आतही धरू शकते. पेटी बंद ठेवूनच ती बाहेरच्या हवेइतकी ऊन होऊ द्यावी, मग उघडावी. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

चित्र केव्हा घ्यावे? मोठ्या खळाळात नव्हे. खडकाच्या आड जे संथ पाणी असते तेथे होडी स्थिर करून घ्यावे. त्याहून उत्तम म्हणजे मंडळींपैकी एकाने काठावर उभे राहावे व खळाळातून येणाऱ्या इतरांची चित्रे घ्यावीत, आणि पुढच्या खेपेस आपली पाळी दुसऱ्यास द्यावी. काठावरून होडी, पाणी व चेहरा ही तिन्ही एकत्र दिसतात. आधीच्या प्रवासाची चित्रे ज्या चकतीवर आहेत ती घरी किंवा मोटारीत ठेवून, होडीत कोरी चकती न्यावी. म्हणजे नदीने काही घेतलेच तर त्या दिवसापुरतेच घेतले, असे होईल.

इतके करूनही यंत्र भिजलेच तर ते चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. वीजघट व चकती तत्काळ काढावी, बाहेरून पुसावे, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे व जाणत्याकडे न्यावे. ऊन वाफारा देऊ नये. मोबाइल तांदळात पुरण्याचा जो उपाय घरोघरी चालतो, तोही करू नये. तांदळाचे कण आत जातात म्हणून ॲपल कंपनीने २०२४ साली त्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिली आहे. तांदूळ भातासाठीच राहू द्यावेत. आणि भिजून फुगलेला वीजघट पुन्हा कधीही वापरू नये.

आता शेवटची गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. हातून सुटलेल्या कॅमेऱ्यामागे जो तरुण पाण्यात झेपावतो, तो लोभाने झेपावतो असे नाही. पुष्कळदा घरी काय उत्तर द्यावे, ह्याच धाकाने तो झेपावतो. ती वस्तू काकांची असते, किंवा वडिलांनी हप्त्याने घेतलेली असते. हा धाक दूर करणे नावाड्याच्या किंवा पेटीच्या हाती नाही, ते आपल्याच हाती आहे. मुले निघताना त्यांस निःसंदिग्ध शब्दांत सांगावे की, 'कॅमेरा गेला तरी चालेल, त्याबद्दल तुला कोणी विचारणार नाही.' आणि ती परत आल्यावर हा शब्द पाळावा. आपल्या वडिलांच्या पत्रांअखेर 'क्षेम कळवावे' असे लिहिलेले असे. ते कोणाचे क्षेम विचारीत होते, हे निराळे सांगावयास नको.