लाल डोळा, डोकेदुखी, उलटी: आधी डोळ्याचं प्रेशर मोजा

मा. आयुक्त आणि आरोग्य विभागप्रमुख,
नवी मुंबई महानगरपालिका



मी नेरूळची रहिवासी. माझ्या दोन्ही डोळ्यांचे कोन, म्हणजे बुबुळ आणि त्यापुढचा पारदर्शक पडदा यांच्या सांध्यातली जागा, अरुंद आहेत. नजर चांगली आहे, दुखत काहीच नाही. डॉक्टरांनी तूर्त लेझर (बुबुळाला बारीक छिद्र पाडण्याचा उपचार) न करता नियमित तपासणीला बोलावलं आहे. तरी मेडिकलमधून सर्दीची गोळी घेताना मी आधी निदानाची चिठ्ठी दाखवते, कारण काही गोळ्यांनी बाहुली मोठी होते आणि कोन बंद पडू शकतो.

डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि या कोनातून बाहेर पडतं. भरतीला आपल्या धारण तलावांची झडप मिटलेली असताना पाऊस कोसळला की पाणी तुंबतं, तसंच कोन बंद पडला की इथे होतं. एरवी २१ मिमी पाऱ्याच्या आत असणारं प्रेशर ५० च्याही वर जातं; हा काचबिंदूचा तीव्र झटका. डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात. अशा रुग्णाला अर्धशिशी किंवा पित्त समजून गोळी देऊन घरी पाठवलं, तर काही तासांत नजर कायमची जाऊ शकते.

सरसकट सगळ्यांना लेझर करा, असं माझं म्हणणं नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे ८८९ जणांच्या प्रत्येकी एकाच डोळ्याला लेझर करून सहा वर्षं लक्ष ठेवलं. लेझर केलेल्या १९ डोळ्यांत दोष वाढला, न केलेल्या ३६ डोळ्यांत. म्हणजे लेझरचा उपयोग होतो, पण बहुतेकांचं त्याविनाही निभावतं. मात्र आपला कोन अरुंद आहे, हे माणसाला कळायला तरी हवं.

त्यासाठी साधी बॅटरी पुरते. कानशिलाच्या बाजूने डोळ्यावर आडवा उजेड टाकायचा. बुबुळाच्या नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडली, तर संशय घ्यायचा आणि गोनिओस्कोपीसाठी, म्हणजे खास भिंगातून कोन थेट पाहण्याच्या तपासणीसाठी, पाठवायचं. मोतीबिंदूच्या प्रत्येक शिबिरात बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालण्याआधी ही तपासणी सक्तीची करा. चाळिशीपुढच्या स्त्रिया, प्लस नंबरचा चष्मा असलेले आणि काचबिंदूच्या रुग्णांची सख्खी भावंडं यांना आधी बोलवा. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या रुग्णालयांत कॅज्युअल्टीला रात्रीही प्रेशर मोजायचं यंत्र आणि ते वापरणारा माणूस हवा.

येत्या मार्चमधल्या काचबिंदू सप्ताहाआधी तसं परिपत्रक काढावं, ही आग्रहाची विनंती.

आपली,
नेरूळची एक नागरिक