वडिलांच्या खांद्यावरील पिशवी

‘व्यवसाय’ या शब्दाला आपल्या घरांतून वकिली, वैद्यकी, फार तर एखादा छापखाना किंवा दुकान एवढेच अर्थ चिकटलेले आहेत. अमक्याची मुलगी खेळाचा व्यवसाय करते, असे कोणी सांगितले की आपण क्षणभर थांबतो आणि मग हळूच विचारतो, “ते ठीक, पण नोकरी कोठे?” क्रिकेटपटूंना पूर्वी बँका आणि रेल्वे यांनी सामावून घेतले, त्यामुळे हा प्रश्न पुष्कळ वर्षे झाकून राहिला. गोल्फमध्ये तो झाकता येत नाही. पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि कित्येक आठवडे प्रवासाचा खर्चही पदरचा, अशा उद्योगात सतराव्या वर्षी पाऊल टाकणाऱ्या एका मुलीची हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले. तिचे नाव अदिती अशोक.

गोल्फ आमच्या बडोद्यास अगदीच अनोळखी नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारात प्रतापसिंहराव गायकवाडांनी आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान तयार करविले होते. पुढे १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी त्याचा जीर्णोद्धार करून ते सर्वांस खुले केले. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी ती हिरवळ दुरूनच पाहिली, हे कबूल केले पाहिजे. साहेबांचा, संस्थानिकांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा हा खेळ, त्यात आपले काय, अशी आपली समजूत.

गंमत अशी की, या साहेबी खेळात जो पैशासाठी खेळे त्याला साहेबांच्या पंक्तीला स्थान नसे. हौशी खेळाडू तो सद्गृहस्थ, आणि व्यावसायिक तो जवळजवळ नोकर. १९२० साली इंग्लंडमधील डील येथे खुली स्पर्धा झाली तेव्हा वॉल्टर हेगन या अमेरिकन व्यावसायिकास क्लबच्या वास्तूत प्रवेश मिळेना. गड्याने एक भपकेदार मोटार भाड्याने घेऊन क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले! आपल्याकडेही या व्यवसायात जे नावारूपास आले त्यांपैकी कित्येकजण मागच्या दाराने आत आलेले होते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवर इतरांच्या पिशव्या वाहणारा कॅडी होता. शिवशंकर प्रसाद चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर गवताची निगा राखीत असत.

अदितीची वाट निराळी. २९ मार्च १९९८ रोजी बंगळूरमध्ये जन्मलेल्या या मुलीच्या घरात गोल्फ कोणीच खेळत नव्हते. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानालगतच्या उपाहारगृहात हे कुटुंब न्याहारीसाठी जात असे. तेथून पाच वर्षांच्या मुलीने खेळ पाहिला आणि तो आपल्याला हवा असा हट्ट धरला. त्या वेळी शहरात गोल्फची मैदाने होती अवघी तीन. वडील गुडलमनी अशोक तिला सरावाच्या जागी नेऊ लागले. (दाक्षिणात्य रीतीप्रमाणे मुलीच्या नावापुढे आडनाव नसून वडिलांचे नाव आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.)

शाळा फ्रँक अँथनी पब्लिक स्कूल. अभ्यास आणि खेळ दोन्ही चालू. २०१३ च्या आशियाई युवा क्रीडास्पर्धा, २०१४ च्या युवा ऑलिंपिक आणि आशियाई क्रीडास्पर्धा तिने खेळल्या. २०१५ साली ब्रिटनमधील महिलांची हौशी स्ट्रोक प्ले स्पर्धाही जिंकली. हौशी खेळाडूच्या दृष्टीने हे मोठेच यश. पण तेव्हाच्या नियमानुसार हौशी खेळाडूस बक्षिसाची रोख रक्कम स्वीकारता येत नसे. अशा वेळी बहुतेक गुणी मुली अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती पत्करतात. चार वर्षे शिकावे, खेळावे, पदवी हाती आल्यावर काय ते ठरवावे. आम्हांस कोणी सल्ला विचारला असता तर आम्हीही हाच दिला असता, आणि वाचकांपैकी दहांतील नऊ आईबापांनी तो मानलाही असता.

या मुलीने तो मार्ग घेतला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्को देशात युरोपीय महिला व्यावसायिक मालिकेची पात्रता परीक्षा झाली. तीत ती पहिली आली. ही परीक्षा जिंकणारी ती पहिली भारतीय आणि सर्वांत लहान खेळाडू. १ जानेवारी २०१६ पासून ती व्यावसायिक झाली, तेव्हा तिचे शालेय शिक्षणही संपलेले नव्हते. ते त्याच वर्षी पुरे झाले.

या धंद्याचा हिशेब कसा असतो ते येथे सांगितले पाहिजे. मोठी स्पर्धा बहुधा चार दिवसांची असते. पहिले दोन दिवस सर्वजण खेळतात. दुसऱ्या दिवशी सायंकाळी एक रेघ ओढली जाते, तिला ‘कट’ म्हणतात. रेघेच्या वर जे राहिले त्यांनी उरलेले दोन दिवस खेळावे आणि क्रमांकाप्रमाणे पैसे घ्यावेत. रेघेखालच्यांनी सामान बांधावे. अशांची संख्या थोडीथोडकी नसते. सुमारे निम्मे खेळाडू शुक्रवारी रिकाम्या हाताने निघतात. विमानाचे भाडे, हॉटेलचे बिल, कॅडीची मजुरी हे सारे मात्र ज्याचे त्याने द्यावयाचे. पुढच्या सोमवारी दुसरा देश आणि पुन्हा तीच रेघ. एका फटक्याच्या फरकाने महिन्याचा खर्च निघतो किंवा बुडतो. तेव्हा आपण घरी बसून “खेळच तो” असे म्हणणे सोपे आहे, एवढेच आम्ही म्हणू.

कॅडीची मजुरी वाचवावी म्हणून म्हणा किंवा सतरा वर्षांच्या मुलीस परक्या मुलखात एकटी सोडता येत नाही म्हणून म्हणा, पिशवी वडिलांनी आपल्या खांद्यावर घेतली. हे काम केवळ हमालीचे नव्हे. पिशवीत चौदापर्यंत काठ्या असतात. त्या घेऊन अठरा होलचे मैदान पायी तुडवायचे म्हणजे दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटरांची चाल होते. शिवाय एकेकट्याने खेळावयाच्या स्पर्धेत खेळाडूने सल्ला घ्यावा असा एकच माणूस नियमास मान्य आहे, तो म्हणजे कॅडी. वारा कोणीकडचा, अंतर किती, काठी कोणती, हे त्याने सांगावे. मारावयाचे मात्र खेळाडूनेच. चेंडू झाडीत गेला तर बापाने काय करावे? तोंड मिटून पिशवी उचलावी आणि झाडीकडे चालू लागावे. परीक्षेच्या सभागृहाबाहेर येरझारा घालणाऱ्या पालकांना आत मुलाच्या शेजारी बसविले आणि पेन्सिल तासून देण्यापलीकडे काही करू दिले नाही, तर त्यांची जी अवस्था होईल तीच ही.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्येही वडीलच तिचे कॅडी होते. एकशे बारा वर्षांच्या खंडानंतर गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतले होते आणि महिलांतील साठ खेळाडूंत अठरा वर्षांची अदिती सर्वांत लहान होती. पहिल्या दिवशी ६८ फटके, दुसऱ्या दिवशी पुन्हा ६८; पहिल्या दहांत नाव! भारतातील वर्तमानपत्रांनी घाईघाईने गोल्फचे नियम छापले. तिसऱ्या दिवशी ७९ फटके लागले, चौथ्या दिवशी ७६. एकूण २९१ फटके आणि एकेचाळिसावा क्रमांक. ते दोन दिवस शेजारून पाहणे वडिलांना कसे गेले असेल याची आम्ही कल्पनाच करू शकतो.

येथे काळाची थोडी उडी घेतो, कारण पिशवीची गोष्ट त्यावाचून पुरी होत नाही. कोरोनामुळे वर्षभर लांबलेले टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तेव्हा पिशवी आई माहेश्वरी यांच्या खांद्यावर होती. त्याच उन्हाळ्यात कोरोनाच्या आजारातून उठलेली ही मुलगी जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास होती, आणि चार दिवसांत २६९ फटक्यांत खेळून चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. ७ ऑगस्टची ती सकाळ पुष्कळांना आठवत असेल. त्याच दिवशी सायंकाळी नीरज चोप्राने भाला फेकून सुवर्णपदक आणले, आणि सकाळची हळहळ साहजिकच मागे पडली.

पण रिओनंतरच्या तीन महिन्यांकडे परत येऊ, कारण आमच्या मते या मुलीचा खरा कस तेथे लागला. ७९ आणि ७६ या आकड्यांनी एखादी अठरा वर्षांची मुलगी खचली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. नोव्हेंबरमध्ये गुडगावला महिलांची इंडियन ओपन स्पर्धा झाली. ही तीन दिवसांचीच. अमेरिकेची ब्रिटनी लिन्सिकम, जिच्या नावावर दोन प्रमुख विजेतेपदे होती, ती प्रतिस्पर्धी. एकूण २१३ फटके घेऊन अदितीने ती स्पर्धा एका फटक्याच्या अंतराने जिंकली. युरोपीय महिला मालिकेतील स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. त्याच महिन्याच्या अखेरीस दोहा येथे तिने दुसरे विजेतेपद मिळविले. वर्षअखेर मालिकेतील सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून तिची निवड झाली आणि कमाईच्या यादीत ती दुसरी आली. “पण नोकरी कोठे?” या प्रश्नाचे हे उत्तर पुरेसे आहे काय, ते ज्याने त्याने ठरवावे. आमच्या घरात त्यावर एकमत झालेले नाही.

एवढे झाल्यावर युरोपात स्थिर व्हावे की नाही? परंतु ती त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या मालिकेची पात्रता परीक्षा देण्यास फ्लॉरिडातील डेटोना बीचला गेली. तेथे पूर्वी १९९०च्या दशकात आपल्या स्मृती मेहरा एकट्याने झगडल्या होत्या. पहिल्या विसांत येणाऱ्यांना मालिकेचे पूर्ण सदस्यत्व मिळे. अदितीचा क्रमांक चोविसावा लागला. तिला सशर्त परवाना देण्यात आला, म्हणजे इतरांना प्रवेश दिल्यावर जागा उरली तर तिला बोलावणे यावयाचे. २०१७ साल उजाडले ते हा परवाना घेऊन, आणि ती अमेरिकेत खेळावयास गेली.