एका तपाने फुलणारे फूल

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या बडोद्यातील मराठी घरांत थंड हवेच्या ठिकाणांच्या गोष्टी निघतात. कोडाईकनालला निघालेली मंडळी माझ्याकडे प्रेक्षणीय स्थळांची यादी मागतात, कारण २०१८ च्या मे महिन्यात मी तेथे जाऊन आलो आहे. पण ती यादी देताना हल्ली मला संकोच वाटतो.

मीही यादीबरहुकूमच हिंडलो होतो. तारकाकृती तळे, कोकर्स वॉक, पाइनचे बन, सुमारे ४०० फूट उंचीचे पिलर रॉक्स, सिल्व्हर कॅस्केड धबधबा; एका दिवसात सारे उरकले! मागाहून कळले, की ते तळे १८६३ साली बांध घालून केलेले आणि पाइनचे बनही माणसानेच लावलेले. तिथला मूळ निसर्ग म्हणजे घळींत दाटलेली शोला अरण्ये आणि त्यांच्या भोवतीचे गवताळ माळ. पाइन, निलगिरी आणि वॅटल यांच्या लागवडीने ते माळ गिळले, आणि आपण त्या लागवडीलाच निसर्ग म्हणून दाद देतो.

त्या माळांवर बारा वर्षांतून एकदा नीलकुरिंजी फुलते, बी धरते आणि झुडूप मरते. आपल्या सह्याद्रीतली कारवी ही तिची बहीणच. प्राचीन तमिळ काव्यात डोंगराळ मुलखालाच कुरिंजी म्हणतात आणि कर्नाटक संगीतात त्याच नावाचा राग आहे. फूल, भूमी आणि सूर यांना एकच नाव!

मी परतल्यावर काही महिन्यांनी, २०१८ मध्येच, ती फुलली. म्हणजे आमची मोटार माळांवरून धावत होती तेव्हा झुडपांचे तप पुरे होत आले होते. मी एकदाही खाली उतरलो नाही.

माझे वडील दरबारी गवई. उतारवयात मला शिकवताना एकच राग ते वर्षभर घोटून घेत. ‘पुढचा राग केव्हा?’ असे विचारले, की मुकाट्याने तंबोरा पुढे सरकवीत. महिन्याला चार राग मागणाऱ्या शिष्यांवर मी रागावतो. कोडाईकनालला मी तरी निराळे काय केले?

माझे मत एवढेच, की यादीतली निम्मी स्थळे गाळावीत. एक सकाळ शोलेच्या कडेला, मोटार बंद करून, नुसते ऐकत बसावे. माळ तुडवू नये. कुरिंजीची पुढची पाळी २०३० ची आहे. तिचे तप पुरे व्हायला माळ तर शिल्लक राहिला पाहिजे.